मजकूर, सदरहू व मशारनिल्हे : मराठी कागदपत्रांतील निर्देशवाचक शब्द

जुनीं मराठी कागदपत्रें वाचतांना आपलें लक्ष स्वाभाविकपणें नांवांकडे, तिथींकडे व रकमांकडे जातें. इतिहासास लागणारा ऐवज तेथेंच असतो, अशी समजूत आहे व ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु ज्या शब्दांनीं हीं नांवें, तिथी व रकमा एकमेकांस जोडलेल्या असतात, त्या ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘मशारनिल्हे’ इत्यादि शब्दांवरून वाचकाची दृष्टि घसरून जाते. ते शब्द दफ्तरी भाषेंतील भरताड आहे, फारसीच्या दरबारी थाटाचा तो अवशेष आहे, असें समजून कित्येक संपादक त्यांचा विचारच करीत नाहींत. आणि आधुनिक मराठींत सारांश देणारे तर त्या सर्वांच्या जागीं एकच ‘उपरोक्त’ घालून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें याच्या उलट आहे. हे शब्द भरताड नसून लेखाचे सांधे आहेत. प्रत्येकाचें काम निराळें आहे. आणि सांधा चुकीच्या ठिकाणीं बसविला तर गांव, साल किंवा हक्काचा धनी पालटतो.

मागें सांगितलेल्याकडे व पुढें सांगावयाच्याकडे बोट दाखविण्याची गरज कोणत्याहि शास्त्रीय अथवा व्यावहारिक लेखास असतेच. आपल्याकडे या गरजेची जाणीव फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणांत ज्या ३२ तंत्रयुक्ति सांगितल्या आहेत, त्यांत पूर्वीं सांगितलेल्यावरून प्रस्तुत गोष्ट सिद्ध करणें तो ‘अतिदेश’ व पुढें सांगावयाच्यावरून सिद्ध करणें तो ‘प्रदेश’ असा भेद केला आहे. त्याखेरीज मागच्या प्रकरणाकडे निर्देश करणें तें ‘अतिक्रान्तावेक्षण’ व पुढच्याकडे करणें तें ‘अनागतावेक्षण’. म्हणजे एका ग्रंथांतील एका स्थळाहून दुसऱ्या स्थळीं वाचकास नेण्याच्या क्रियेलाच चार नांवें आहेत. त्याच ग्रंथाच्या शासनाधिकारांत राजलेखाचे गुण सांगतांना ‘संबन्ध’ हा एक गुण म्हणून धरला आहे. आरंभीं मांडलेल्या अर्थास पुढें अखेरपर्यंत बाध येऊं नये, असा त्याचा आशय. दोषांत ‘व्याघात’ व ‘पुनरुक्त’ हे दोन आहेत. पुनरुक्त टाळावयाचें तर निर्देश करावा लागतो, आणि निर्देश संदिग्ध झाला कीं व्याघात होतो. लेखकाची ही अडचण त्या प्राचीन आचार्यानें पुरी ओळखलेली होती.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतील लेख्यप्रकरणहि येथें पाहण्यासारखें आहे. ऋणपत्र पुरें झाल्यावर ऋणकोनें आपलें नांव स्वहस्तें घालून, अमुकाचा पुत्र जो मी त्या मला यांत वर जें लिहिलें आहे तें मान्य आहे, असें लिहावें, अशी आज्ञा तेथें आहे. ‘वर लिहिलेलें’ या दोन शब्दांत सबंध दस्तऐवज त्या सहीखालीं येतो. याचाच अर्थ असा कीं, निर्देशवाचक शब्द हा कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत भारी शब्द असतो.

तेव्हां निर्देशाची कल्पना आपणांस परकी नव्हती. शब्द मात्र परके आले, आणि ते कसे आले हें समजण्यासाठीं दक्षिणेंतील दफ्तरांची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. बहमनी राज्य मोडून झालेल्या शाह्यांत फर्मानाची भाषा फारसी. पण गांवचा वसूल, शेत, पाणी, वतन यांचा हिशेब ठेवणारे कुळकर्णी, देशपांडे व कारकून मराठी. इब्राहीम आदिलशहा पहिला (कारकीर्द इ. स. १५३४ ते १५५८) यानें हिशेब फारसीऐवजीं ‘हिंदवी’ भाषेंत ठेवविले, असें फेरिस्ता लिहितो, आणि ही हिंदवी म्हणजे विजापूरच्या मराठी मुलखापुरती मराठी, असाच अर्थ आपले बहुतेक विद्वान करितात. वर फारसी व खालीं मोडी मराठी असे द्विभाषी कागद त्या काळचे उपलब्ध आहेत. गणेश हरि खरे यांनीं ऐतिहासिक फारसी साहित्याच्या प्रकाशनानें या क्षेत्रांत केलेलें काम सर्वांस ठाऊक आहे. अशा द्विभाषी कागदांत वरच्या मुनशाला खालचें व खालच्या कारकुनाला वरचें ताडून पाहावें लागे. नांगर, बिघा, आंबराई यांना दोन्ही भाषांत निरनिराळे शब्द असले तरी चालतें. परंतु ‘ज्याचें नांव वर आलें तो गांव’ हें दाखविणारा शब्द दोहोंकडे एकच असला तर ताडणी सोपी होते. म्हणून जिनसांचे शब्द मराठी राहिले व सांध्यांचे शब्द फारसी झाले. कागद दोन भाषांत असला कीं निर्देशाची भाषा ही आशयाची नसते, ती कचेरीची असते.

आतां एकेक शब्द पाहूं.

‘मजकूर’ हा मूळ अरबी. ज्या धातूपासून ‘जिक्र’ म्हणजे उल्लेख हा शब्द होतो, त्याचें हें कर्मणि धातुसाधित. संस्कृतांत ‘उक्त’ तसा अरबींत ‘मजकूर’. फारसींत विशेषण नामाच्या पुढें येतें व दोहोंमध्यें इजाफतीचा ‘ए’ लागतो. मराठी लेखकांनीं शब्दाबरोबर ती रचनाहि उचलली, म्हणूनच ‘मजकूर गांव’ असें न होतां ‘मौजे मजकूर’ असें झालें. यांतील ‘मौजे’ याचा अंत्य एकार हा तो इजाफतीचा एकार होय. ‘कसबे’, ‘किल्ले’, ‘माहे’ यांतहि तोच आहे. ‘किल्ले रायगड’ यांतील ‘किल्ले’ हें अनेकवचन आहे कीं आदरार्थी आहे, असा प्रश्न वर्गांत मुलें विचारीत, आणि तो मराठी व्याकरणानें सुटत नसे. कारण तो एकार मराठी नाहींच. मग या अरबी शब्दाला, फारसी रचनेंत, वर मराठी विभक्ति लागते : ‘मौजे मजकूरचे’, ‘मौजे मजकुरीं’, ‘परगणे मजकुरास’. तीन भाषा एका पदांत नांदत आहेत व कोणी कोणास अडवीत नाहीं.

या शब्दाची खरी खुबी अशी कीं, तो एकटा क्वचितच येतो. त्याच्या मागें जातिवाचक नाम असतें, आणि त्या नामावरून निर्देश कोणाचा हें ठरतें. बीजगणिताच्या रीतीनें सांगावयाचें तर, परगणे ‘क’ यांतील मौजे ‘ख’ येथील पाटील ‘ग’ यानें कसबे ‘घ’ येथें येऊन अर्ज केला, असा प्रारंभ धरा. पुढें कितीहि ओळी गेल्या तरी ‘परगणे मजकूर’ म्हणतांच क, ‘मौजे मजकूर’ म्हणतांच ख, ‘पाटील मजकूर’ म्हणतांच ग, आणि ‘कसबे मजकूर’ म्हणतांच घ. चार निर्देश एकाच शब्दानें झाले, पण गोंधळ नाहीं. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, विरामचिन्हें नाहींत. अशा लिपींत ही व्यवस्था केवढी सोय करीत असेल, हें ज्यांनीं सलग दहा हात कागद उलगडून वाचला आहे त्यांनाच कळेल.

‘सदरहू’ हा दुसरा. अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, आणि त्यावरून अग्रभाग, मानाची जागा. किल्ल्यावरची सदर ती हीच. शेवटचा ‘हू’ हें अरबी सर्वनाम दिसतें. अर्थ ‘ज्याचा उल्लेख शिरोभागीं झाला तें’. मजकूर हा बहुधा स्थळ, साल व हुद्दा यांच्या मागें धांवतो. सदरहू हा रकमा, कलमें, जमिनी व करार यांच्या पुढें चालतो : ‘सदरहू रुपये’, ‘सदरहू कलमें’, ‘सदरहूप्रमाणें’. मोठ्या यादीच्या शेवटीं बेरीज करून जेव्हां ‘सदरहू’ येतें, तेव्हां त्याच्या पोटांत एक रक्कम नसून सगळी यादी असते. ‘मौजे मजकूर’ यानें एक वस्तु दाखविली जाते, ‘सदरहू’ यानें पुष्कळदां समुदाय. हा भेद मीं अनेक कागद ताडून मगच मानूं लागलों. तो निरपवाद आहे असें मात्र म्हणत नाहीं. ‘सदरहू गांव’ असेंहि आढळतें, विशेषतः गांव हाच जेव्हां इनामाचा विषय असतो तेव्हां.

तिसरा ‘मशारनिल्हे’. हा शब्द पाहून पुष्कळांस तो कोणाचें तरी आडनांव असावें अशी शंका येते. मूळ अरबी दोन पदें आहेत : ‘मुशारुन् इलैहि’, म्हणजे ‘ज्याच्याकडे इशारा केला तो’. अरबी नामाच्या शेवटीं येणारा जो अनुनासिक ‘न्’, तो बोलींतून गळतो. पण आपल्या मोडी कारकुनांनीं तो ‘मशार-न्-इल्हे’ असा मध्यभागीं धरून ठेविला. हा शब्द बहुधा प्रतिष्ठित पुरुषासाठीं योजतात. पाटील तो ‘पाटील मजकूर’, पण सरदार अथवा सरकारकून तो ‘मशारनिल्हे’. त्यामुळें एका पत्रांत गांवकरी व सरदार दोघेहि असले, तर ‘मशारनिल्हे यांणीं सांगितलें’ म्हणजे कोणीं, हें पत्राच्या दरबारी मर्यादेवरूनच ठरतें. येथें निर्देश व्याकरणानें होत नाहीं, पदवीनें होतो.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडिताच्या नांवें प्रसिद्ध असलेला राजव्यवहारकोश रचला गेला, हें सर्वविश्रुत आहे. यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग. दहा वर्गांत त्यानें राजापासून बाजारापर्यंतचा व्यवहार आटोपला आहे व त्यांत लेखनवर्गहि आहे. पेशवे ते मुख्यप्रधान, मुजुमदार ते अमात्य, सुरनीस ते सचिव, डबीर ते सुमंत, वाकनीस ते मंत्री व सरनौबत ते सेनापति झाले. पण प्रत्यक्ष पत्रांत काय झालें? राजवाड्यांनीं सतराव्या व अठराव्या शतकांतील निरनिराळ्या काळचीं पत्रें घेऊन त्यांतील फारसी शब्दांचें प्रमाण काढून दाखविलें होतें, आणि तें भराभर उतरत गेल्याचें त्यांनीं सिद्ध केलें. या मोजणीविषयीं मला आदर आहे. परंतु मोजणींत सर्व शब्द सारखे धरले जातात. गेले ते मुख्यतः नामें व क्रियापदें. सांधे जागच्या जागीं राहिले. पेशवाईच्या अखेरीपर्यंत सनदांत, निवाडपत्रांत व हिशेबांत मजकूर, सदरहू व मशारनिल्हे हे जसेच्या तसे आढळतात. ‘सेनापति’ हा शब्द आज्ञेनें रूढ करितां येतो, कारण सेनापति एक असतो व तो समोर उभा असतो. निर्देशाचा शब्द मात्र मागच्या कागदाशीं बांधलेला असतो. शंभर वर्षांपूर्वींच्या सनदेंत ‘मौजे मजकूर’ आहे व आजच्या सनदेंत तिचाच उतारा घ्यावयाचा आहे, तेव्हां नवा शब्द घालणारा कारकून वादाला जागा करून देतो. वतनाच्या तंट्यांत प्रतिपक्ष टपलेलाच असे.

कालनिर्देशाचें प्रकरण याहून अवघड आहे. ‘सालमजकूर’ म्हणजे चालू, ज्या सालाचा उल्लेख झाला तें; ‘सालगुदस्त’ म्हणजे गेलें. मुख्य साल शुहूर सनानें लिहिलेलें असतें, आणि तें अंकांनीं नव्हे तर अरबी संख्यावाचक शब्दांनीं, एकं आधीं, मग दहं, मग शतं, मग सहस्र. आपल्या ज्योतिषग्रंथांतील अंकांची वामगति ज्यांना परिचित आहे त्यांना हा क्रम नवा वाटणार नाहीं. पानिपतचा संग्राम इ. स. १७६१ च्या जानेवारींत झाला. तें शुहूर साल ११६१, म्हणजे ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हा सन मृगारंभीं पालटतो, म्हणून इसवी सन काढण्यास जानेवारी ते मे या काळांत ६०० व पुढें ५९९ मिळवावे लागतात. आतां होतें असें कीं, पुष्कळ पत्रांत ‘सन इहिदे’ एवढेंच असतें. लिहिणारास व घेणारास दशक ठाऊक होतें, आपणांस नाहीं. ११५१, ११६१ व ११७१ या तिन्हींत ‘इहिदे’ आहे. पहिल्यांत व दुसऱ्यांत नानासाहेब, तिसऱ्यांत माधवराव. एका शब्दाच्या अभावीं पेशवा बदलतो. शिवाय ‘सबा’ (७) व ‘सबैन’ (७०), ‘तिसा’ (९) व ‘तिसैन’ (९०), ‘सीत’ (६) व ‘सितैन’ (६०) हे मोडींत घाईनें लिहिले असतां किती जवळ येतात, हें वेगळें सांगावयास नको. गो. स. सरदेसाई यांनीं इ. स. १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्यांत अशा अपुऱ्या मित्यांचीं पत्रें लावण्याचे श्रम किती झाले असतील, याची कल्पना अभ्यासकांस आहे.

या बाबतींत माझी स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. एका गांवच्या दोन घराण्यांतील जुन्या वादाचा कागद मजकडे वाचावयास आला होता. गांवाचें व घराण्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. निवाड्यांत वादीचा अर्ज उतरून घेतलेला होता व त्या अर्जांत ‘सालमजकुरीं’ आपणांस शेतांतून काढलें, असें म्हटलें होतें. मीं निवाड्याच्या शिरोभागचें साल तेंच ‘सालमजकूर’ धरलें व तसें लिहून दिलें. वस्तुतः अर्ज निवाड्याच्या ९ वर्षें आधींचा होता. तो जसाच्या तसा उतरला गेल्यानें त्यांतील ‘मजकूर’ हा अर्जाच्या सालाकडे बोट दाखवीत होता. ही गोष्ट मला त्याच घराण्याकडील दुसरा कागद पुढें आल्यावर कळली, तोंपर्यंत माझा सारांश कोणाकोणाच्या हातीं गेला होता.

चुकीचें कारण सांगितलें पाहिजे, कारण तें माझ्यापुरतें नाहीं. मोडींत अवतरणचिन्ह नाहीं. दुसऱ्याचें बोलणें कोठें संपतें हें ‘म्हणोन’ या शब्दावरून कळतें. संस्कृतांतील ‘इति’चें काम हा शब्द करितो. पण संस्कृतांतल्याप्रमाणेंच शेवट दाखविला जातो, आरंभ नव्हे. पाणिनीच्या सूत्रांत अनुवृत्ति कोठून आली व कोठें थांबली हें जसें व्याख्यानावरूनच समजतें, तसाच ‘म्हणोन’च्या मागें किती ओळी त्याच्या कक्षेंत आहेत, हें उलट वाचीत गेल्याशिवाय समजत नाहीं. एकाच कागदांत अर्जाच्या पोटांत जुनी सनद व सनदेच्या पोटांत त्याहून जुना महजर, असे तीन तीन थर असतात, आणि प्रत्येक थराचा ‘मजकूर’ आपापल्या घरचा असतो. तेव्हांपासून मीं कागद वाचतांना आधीं सर्व ‘म्हणोन’ शोधून त्यांच्या मर्यादा पेन्सिलीनें वेगळ्या कागदावर मांडतों, आणि मगच साल व नांवें भरतों.

एका कागदाहून दुसऱ्या कागदाकडे जाणारे शब्द थोडक्यांत सांगतों. ‘अलाहिदा सनद सादर असे’ म्हणजे या विषयाचा निराळा हुकूम निघालेला आहे, तो पाहावा. ‘पेशजींप्रमाणें’ म्हणजे पूर्वींच्या वहिवाटीप्रमाणें, व ती वहिवाट कोठें नमूद आहे तें पाहणाऱ्यानें शोधावें. सनदेच्या शेवटीं ‘तालीक लिहून घेऊन असल परतोन देणें’ असा जो प्रघात आहे, त्यानें मूळ धन्याकडे राहतें व नक्कल दफ्तरांत जाते. म्हणून आज पुणें दफ्तरांत मिळणारी प्रत ही पुष्कळदां नक्कल असते, आणि तींतील निर्देश असलावरून पारखण्याचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. ‘बितपशील’ हा मात्र पुढें पाहणारा शब्द, कौटिल्याच्या भाषेंत अनागतावेक्षण.

यादीमध्यें वरच्यासारखेंच हें दाखविण्यास ‘कित्ता’ लिहीत. शाळेंत गिरविण्याचा कित्ता तो हाच. वरच्या ओळीसारखें खालीं करावयाचें, हा भाव दोहोंकडे समान आहे. हा शब्द आज केवळ पंडिती कुतूहलाचा राहिलेला नाहीं. इ. स. २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणारे शोधण्याची वेळ आली. समजा, एखाद्या यादींत पहिल्या नांवापुढें जात लिहिली आहे व खालच्या नांवांपुढें ‘कित्ता’ आहे. पान उलटल्यावर नवा स्तंभ ‘कित्ता’नेंच सुरू झाला, तर तो मागच्या पानाच्या कोणत्या ओळीशीं बांधावयाचा? वरचा बंद गहाळ असेल तर काय करावयाचें? अशा ठिकाणीं एका निर्देशाच्या वाचनावर जिवंत माणसांचा दाखला अवलंबून राहतो. वाचणारानें वाचन व अनुमान वेगळें दाखविलें पाहिजे. ‘कित्ता, बहुधा अमुक ओळीचा’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या आजच्या मराठींत हे शब्द कोठें गेले, तें पाहणें मौजेचें आहे. ‘मजकूर’ छापखान्यांत गेला व लिखाणाचा आशय एवढाच त्याचा अर्थ उरला. ‘सदर’ वर्तमानपत्रांत नियमित येणाऱ्या स्तंभाचें नांव झालें. सरकारी पत्रांत मात्र ‘सदर प्रकरणीं’ म्हणून तें अद्याप जुनें काम करितें. मशारनिल्ह्यांतील ‘इशारा’ धमकीच्या अर्थानें रूढ झाला. त्यांच्या जागीं जो ‘उपरोक्त’ आला, तो संस्कृताच्या नांवाखालीं आलेला अपशब्द आहे. ‘उपरि’ व ‘उक्त’ यांचा संधि ‘उपर्युक्त’ असा होतो. पण त्याचें अशुद्धपण हा लहान दोष. मोठा दोष हा कीं, गांव, साल, रक्कम, हुद्दा व प्रतिष्ठित पुरुष या सर्वांना तो एकच लागतो, आणि मागें काय शोधावयाचें तें सांगत नाहीं.

संपादकांस विनंति एवढीच कीं, मूळ छापतांना हे शब्द बदलूं नयेत, आणि सारांश देतांना त्यांच्या पुढें चौकोनी कंसांत निर्दिष्ट नांव घालावें : ‘मौजे मजकूर [अमुक]’. तें नांव थराच्या आंतलें असेल तर थराचा अंकहि द्यावा. माझ्याजवळच्या ज्या निवाड्याचा वर उल्लेख केला, त्याची अशी प्रत आतां तयार केली आहे. तींत ‘मजकूर’ २३ वेळां येतो, त्यांपैकीं ४ ठिकाणीं कंस मला रिकामाच ठेवावा लागला.